वुडचं तांबं आणि कापडवाल्याची पत्रं: स्विफ्टचा हिशेब कितपत खरा?

दौतटाक:
नमस्कार मंडळी. १७२४ साली आयर्लंडमध्ये विल्यम वुडच्या तांब्याच्या नाण्यांविरुद्ध जोनाथन स्विफ्टने ‘एम. बी. ड्रेपियर’ या नावाने, म्हणजे डब्लिनचा कापडदुकानदार बनून, पत्रं लिहिली. त्यांवर टिपण लिहितो आहे. पहिल्या पत्रातला हिशेब खरा, की नुसती आरडाओरड? खुद्द न्यूटनच्या (तो तेव्हा शाही टांकसाळीचा प्रमुख होता) तपासणीत नाणी खरी उतरली, तरी लोकांनी ती का नाकारली? आणि या लढ्यात कवितांचा वाटा किती?

खुर्दा:
वजनाचा हिशेब चोख आहे, किमतीचा फुगवलेला. गोंधळ नको म्हणून वजनाच्या पौंडाला रतल म्हणतो.

जुलै १७२२ च्या सनदीप्रमाणे (राजाने दिलेल्या नाणी पाडायच्या परवान्याप्रमाणे) वुडने १४ वर्षांत ३६० टन तांब्याची अर्धपेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) नाणी पाडायची होती, एका रतलातून ३० पेन्सची. टन २,२४० रतलांचा, म्हणजे तांबं ८,०६,४०० रतल. त्याला ३० ने गुणा, २४० ने भागा (पौंडाचे पेन्स २४०), की १,००,८०० पौंड येतात. सनदीतली एकूण रक्कम तीच. इंग्लंडमध्ये मात्र एका रतलातून २३ पेन्सचीच नाणी पाडत. आयर्लंडला हलकं नाणं मिळणार, हे सनदीतच लिहिलेलं होतं.

आता पत्रातलं कनॉली या बड्या जमीनदाराचं उदाहरण घ्या. उत्पन्न वर्षाला १६,००० पौंड; सहामाही खंड या नाण्यांत आला तर वाहायला २५० घोडे लागतील. पडताळा: ८,००० पौंड म्हणजे १९,२०,००० पेन्स, वजन ६४,००० रतल, दर घोड्यामागे २५६ रतल, सुमारे ११६ किलो. घोड्यावर लादता येईल एवढंच ओझं. दुकानदार आपल्या गल्ल्यावर बसून हा हिशेब तपासू शकत होता, आणि माझ्या मते पत्राची खरी ताकद तिथेच आहे.

टोपीवाल्याचा दाखला मात्र जपून वापरा. प्रत्येकी पाच शिलिंगांच्या डझनभर टोप्या विकून तीन पौंड (पौंडाचे शिलिंग २०) आले, पण वुडच्या नाण्यात खरे पाच शिलिंगच हाती पडले, असं तिथे म्हटलंय. म्हणजे नाण्याची किंमत बारावा हिस्सा धरली. तांब्याचा भाव रतलाला १२-१३ पेन्स होता. ३० पेन्सच्या नाण्यांत दोन-पंचमांशाच्या आसपास ऐवज होताच.

मोडीवाचक:
न्यूटनची तपासणी खोटी नव्हती, अपुरी होती. एप्रिल १७२४ मध्ये नमुन्यातली सुटी नाणी वजनाला कमीजास्त निघाली, पण एकत्र तोलल्यावर सनदीप्रमाणे भरली. तांबंही इंग्लंडच्या नाण्याच्या तोडीचं होतं. ड्रेपियरने बोट ठेवलं ते नमुन्यावर. शंभर मेंढ्या विकणाऱ्याने त्यातला एकच धष्टपुष्ट मेंढा बाजारात आणून दाखवावा तसं हे झालं, असं तो म्हणतो. शिवाय भांडण धातूपुरतं नव्हतंच. आयरिश संसदेला न विचारता ही सनद दिली गेली होती. तिच्यासाठी राजाच्या मर्जीतल्या डचेस ऑफ केंडलला १०,००० पौंड पोचल्याचा बोभाटा वेगळाच.

टिपणात ठळक यायला हवी ती कायद्याची बाजू. जे स्वखुशीने घेतील त्यांच्यातच हे नाणं चालेल, असं सनदीतच होतं. म्हणून ते नाकारणं हा गुन्हा ठरत नव्हता. पहिल्या पत्राने ही गोष्ट दुकानदार, शेतकरी, कारागीर यांना साध्या भाषेत समजावली. विरोध वाढल्यावर रक्कम ४०,००० पौंडांवर आणली आणि एका व्यवहारात साडेपाच पेन्सपेक्षा जास्त घ्यायला कोणी बांधील नाही, अशी सवलत पुढे आली. दुसऱ्या पत्राचा सवाल असा, की साडेपाच पेन्सपुरतं तरी आम्हाला बांधणारा हा वुड कोण?

ऑक्टोबर १७२४ च्या चौथ्या पत्राने वाद नाण्यावरून आयर्लंडच्या हक्कांवर नेला. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं इनाम लागलं, मुद्रक जॉन हार्डिंगला अटक झाली. ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) आरोप ठेवायला नकार दिला, म्हणून न्यायमूर्ती व्हिटशेडने ज्युरीच बरखास्त केली. पुढच्या ज्युरीने उलट वुडच्या नाण्याविरुद्धच निवेदन दिलं.

ओवीकर:
कवितांनी नाणं हाणून पाडलं असं लिहू नका. लोकांना पटवलं पत्रांनी. कवितांनी वुडला हास्यास्पद केलं आणि विषय तोंडोतोंडी ठेवला. ‘वुड, अ‍ॅन इन्सेक्ट’मध्ये तो लाकडातला किडा आहे आणि औषध म्हणजे लाकडात कढत पाणी ओतणं. सगळी मौज त्याच्या आडनावावर (वुड म्हणजे लाकूड), त्यामुळे मराठीत ती उतरणं कठीण. उदाहरण ‘प्रोमिथियस’ या कवितेचं द्या. देवाच्या सिंहासनापासून पृथ्वीपर्यंत सोन्याची साखळी आहे. चोर ती वितळवून नाणी पाडतो आणि जागी पितळेची अडकवतो. राजा आणि प्रजा यांना बांधणारा दुवाच हिणकस झाला, हा राजकीय आरोप त्या एका कल्पनेत येतो. डब्लिनचे आर्चबिशप विल्यम किंग यांच्यावरचं गाणंही पाहा: ते डब्लिनजवळच्या फिंगलच्या एका शेतकऱ्याच्या तोंडी घातलंय. पत्रात कापडवाला, गाण्यात कुळवाडी.

दौतटाक:
रतलाचा हिशेब करून पाहिला, तंतोतंत जुळतो. शेवटी वुडचं नुकसान किती झालं?

मोडीवाचक:
ऑगस्ट १७२५ मध्ये सनद परत घेतल्याचं जाहीर झालं. भरपाई म्हणून वुडला वर्षाला ३,००० पौंड, ८ वर्षांसाठी, मंजूर झाले. वुड पाच वर्षांतच, १७३० मध्ये, वारला. उरलेली बरीच नाणी अमेरिकेतल्या वसाहतींत गेली.