मदत हवी आहे: सोसायटीच्या तरणतलावाचे सव्वा लाख लिटर पाणी नियमात राहून कोठे सोडावे? (बावधन, पुणे)

नमस्कार.

बावधन भागातील आमच्या गृहनिर्माण संस्थेत 150 सदनिका आहेत. आमचा तरणतलाव जमिनीत बांधलेला असून त्यात साधारण सव्वा लाख लिटर पाणी मावते. पावसाळ्यापूर्वी तो रिकामा करून सुटलेल्या फरशा बसवाव्यात आणि सांधे पुन्हा भरावेत, असे व्यवस्थापक समितीने ठरवले आहे. देखभालीच्या कंत्राटदाराचे म्हणणे असे, की मोटर लावून पाणी कुंपणालगतच्या चेंबरमध्ये सोडले की एका रात्रीत काम संपेल. मात्र ते चेंबर सांडपाण्याचे नसून पावसाळी गटाराचे आहे. त्या गटाराचे पाणी कोठेही शुद्ध न होता रामनदीत जाते आणि रामनदी पाषाण, बाणेर ओलांडून मुळेला मिळते.

"मे महिन्यात ओढा कोरडाच असतो, मग कोणाचे काय बिघडणार?" असा प्रश्न बैठकीत आला. त्यावर मी जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 वाचला. त्याच्या कलम 24 नुसार प्रदूषणकारी पदार्थ प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ देण्यास मनाई आहे, आणि प्रवाहाच्या व्याख्येत तूर्त कोरडा असलेला जलमार्ग व भूगर्भातील पाणी हे दोन्ही येतात. त्यामुळे ओढ्याबरोबरच, बोअरवेलच्या पुनर्भरण खड्ड्यात पाणी सोडण्याची दुसऱ्या एका सभासदाची सूचनाही माझ्या मते बाद ठरते. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याचा सामू (पीएच) 5.5 ते 9.0 असावा लागतो, तर एकूण उर्वरित क्लोरीन लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत आणि तरंगते घन पदार्थ 100 मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. आमच्या तलावात क्लोरीन लिटरमागे 2 ते 3 मिलिग्रॅम आहे. शिवाय क्लोरीनसाठी वर्षभर टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) गोळ्या वापरल्यामुळे त्यांतून पाण्यात उरणारे सायन्युरिक आम्ल लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या वर गेले आहे, आणि शेवाळ धरल्यावर कंत्राटदाराने अधूनमधून मोरचूदही (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) टाकले आहे.

सभासदांपैकी काहींचे मत, पाणी एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) सोडावे असे आहे. एसटीपी सांभाळणारे गृहस्थ मात्र त्याला तयार नाहीत. क्लोरीनने सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतील आणि टाक्या भरून वाहतील, अशी त्यांची भीती आहे व ती मला रास्त वाटते. मग हे पाणी क्लोरीन काढून बागेला द्यावे, टँकरने बाहेर पाठवावे, की महापालिकेच्या सांडपाणी वाहिनीत सोडण्याची परवानगी घ्यावी? क्लोरीन उतरवण्याची खात्रीची पद्धत कोणती? आणि तांब्याचे काय करायचे? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या एसटीपीचालकांचे बरोबर आहे, परंतु त्यातूनच सर्वांत सोपा मार्ग निघतो. नव्या इमारतींप्रमाणे आपल्याकडेही फ्लशसाठी वेगळी नळजोडणी असेल, तर तलावाचे पाणी एसटीपीच्या तोंडाशी न सोडता फ्लशच्या टाकीत घ्यावे. राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी रोजच्या 135 लिटरपैकी 45 लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. घरटी चार माणसे धरली तर 150 घरांत रोज 27,000 लिटर पाणी फ्लशला लागते, म्हणजे पाच दिवसांच्या आत आपला तलाव रिकामा होईल. एसटीपीवर येणारे पाणी त्यामुळे एका लिटरनेही वाढणार नाही, आणि उरलेसुरले क्लोरीन मैल्याशी संयोग पावून वाटेतच संपेल. त्या दिवसांत एसटीपीचे एरवी फ्लशला जाणारे शुद्ध केलेले पाणी मात्र शिल्लक पडेल. ते बागेला द्यावे, आणि तरीही उरले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जी वाट दिली असेल तिथेच सोडावे. ते संमतीपत्र बहुतेक समित्यांच्या कपाटात न वाचताच पडून असते.

बागेला द्यायच्या पाण्यातले क्लोरीन उन्हाने उडून जाईल, या भरवशावर राहू नये. सायन्युरिक आम्लाचे कामच उन्हापासून क्लोरीन वाचवण्याचे आहे, आणि आपल्या तलावात ते भरपूर आहे. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे मत्स्यालयवाले वापरतात तो हायपो, क्लोरीनच्या सुमारे सातपट वजनाने लागतो. सव्वा लाख लिटरमध्ये 2 मिलिग्रॅमप्रमाणे 250 ग्रॅम क्लोरीन असते. त्याला पावणेदोन किलो हायपो पुरतो. तो बादलीत विरघळवून पंप चालू असताना हळूहळू घालावा आणि नंतर एकूण क्लोरीन मोजावे, कारण नुसते मुक्त क्लोरीन मोजल्यास इतर पदार्थांशी जोडले गेलेले संयुक्त क्लोरीन नजरेतून सुटते.

तांबे उन्हाने उडत नाही आणि हायपोला दादही देत नाही. सांडपाणी वाहिनीसाठी त्याची मर्यादा लिटरमागे 3 मिलिग्रॅम आहे, पण मासे आणि जलचर त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही दगावतात. प्रयोगशाळेतून एक नमुना तपासून घ्यावा आणि मगच बागेचा विचार करावा.

प्रतिसाद २

मी स्थापत्य अभियंता असल्याने दुसरी बाजू मांडतो. जमिनीतला रिकामा तलाव भूजलाच्या दाबाने खालून उचलला जाऊन तडकू शकतो. ओढ्याजवळ हा धोका अधिक, म्हणून काम पाऊस सुरू होण्याच्या बरेच आधी संपवून तलाव पुन्हा भरावा. जून उजाडल्यावर तो पूर्ण रिकामा ठेवू नये. रिकाम्या तलावाच्या फरशा मेच्या दुपारच्या उन्हात फुगून सुटतात, तेव्हा वरून कापड टाकून सावली करावी.

फरशांची दुरुस्ती नसती आणि केवळ सायन्युरिक आम्ल कमी करायचे असते, तर निम्मे पाणी बदलूनच ते निम्म्यावर आले असते. टँकरवर जगणाऱ्या भागात हा फरक लहान नाही. पुढच्या वेळेसाठी हे जरूर लक्षात ठेवावे.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे फ्लशची वेगळी जोडणी आहे, त्यामुळे पहिला मार्ग समितीपुढे ठेवतो. एक शंका राहिली आहे. कंत्राटदार फरशा ॲसिडने धुणार आहे. ते धुवण आणि तळाचा गाळ कोठे टाकावा?

प्रतिसाद १

ॲसिडचे धुवण तळातच अडवून धुण्याच्या सोड्याने उदासीन करावे, सामू 7 च्या आसपास आला की थोडे थोडे करून सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडावे, आणि हे काम एसटीपीचालकांना आधी सांगूनच करावे. गाळ वाळवून घ्यावा. त्यात मोरचुदाचा अंश असणार, तेव्हा तो खत म्हणून बागेत मिसळू नये. पावसाळी चेंबरचे झाकण काम संपेपर्यंत प्लास्टिक आणि वाळूच्या पिशव्यांनी बंद करून ठेवावे. कामगारांच्या हातात पाइप असतो आणि जवळचे चेंबर त्यांना नेहमीच सोयीचे वाटते.