केबल काढताय? आधी रिमोट कुणाच्या हातात असतो ते बघा

गुलटेकडी_एक्स्प्रेस

आमच्या इमारतीत सध्या केबल काढायची साथ आली आहे. चौथ्या मजल्यावरच्यांनी काढली, मग तिसऱ्यावरच्यांनी, आणि आता जिन्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "तुमची अजून आहे?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दया असते.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. घरात साठीपुढचं माणूस असेल आणि ते रोज संध्याकाळी टीव्ही लावत असेल, तर केबल काढू नका. पैसे वाचतात म्हणून तर मुळीच काढू नका, कारण ते वाचत नाहीत.

हिशेब मांडा. फेब्रुवारी 2019 मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम आले. पहिल्या 100 चॅनेलना 130 रुपये नेटवर्क शुल्क, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. 2020 मध्ये तेवढ्याच पैशांत 200 चॅनेल झाले. जुलै 2024 मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढली, पण आमच्याकडे बिलात फार फरक पडलेला नाही. त्यावर पे चॅनेलचे, म्हणजे वेगळी किंमत असलेल्या वाहिन्यांचे, पैसे वेगळे. मराठी पॅक आणि खेळाचे एकदोन चॅनेल धरून महिना साडेतीनशेच्या आसपास जातो.

आता दुसरी बाजू. आई तीन मालिका बघते. एक झी मराठीवर, म्हणजे झी5 आलं. एक स्टार प्रवाहवर, म्हणजे जिओहॉटस्टार. तिसरी सोनी मराठीवर, म्हणजे सोनी लिव्ह. तिघांचे पैसे वेगळे, तिघांचे पासवर्ड वेगळे. मुलांचं नेटफ्लिक्स आणि प्राइम यात धरलेलंच नाही. इंटरनेट घरात आहेच असं सगळे म्हणतात, पण पूर्वी आम्हाला साधा प्लॅन पुरायचा. तीन खोल्यांत तीन स्क्रीन चालायला लागल्यावर वरचा घ्यावा लागला. तो फरक ओटीटीच्या खात्यात कुणीच लिहीत नाही.

आणि पैशांपलीकडचं. आईला चॅनेलचे नंबर पाठ आहेत. चष्मा नसला तरी अंगठ्याने तीन बटणं दाबते आणि मालिका सुरू. स्मार्ट टीव्हीवर आधी जाहिरातींनी भरलेलं पान, मग ॲप शोधा, मग "कोण बघतंय?" म्हणून चार गोल. मध्येच ॲप लॉगआउट होतं आणि ओटीपी जातो माझ्या फोनवर. मी त्या वेळी हिंजवडीच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये. आई फोन करते, मी आकडे सांगतो, ती एकेक आकडा बाणाने शोधून भरते, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. शेजाऱ्यांकडे तात्पुरतं घेऊन हा प्रयोग करून झाला आहे. ती शेवटी उठून पोथी वाचायला गेली.

बोला.

हिंजवडीचा_पाहुणा

मुद्दा भावनिक आहे, हिशेब चुकीचा आहे.

एक, तिन्ही ॲप पूर्ण किमतीला कुणी घेत नाही. ब्रॉडबँडच्या मधल्या प्लॅनमध्ये यातली निम्मी ॲप घालूनच मिळतात. दोन, नेटफ्लिक्सने डिसेंबर 2021 मध्ये भारतात दर उतरवले, बेसिक 499 वरून थेट 199 वर आणला. केबलचे दर असे खाली आलेले तुम्ही कधी पाहिलेत? तीन, 200 चॅनेल म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ. त्यात एचडी चॅनेल घेतलं की ते दोन म्हणून मोजतात. घरात बघतात सहा. उरलेल्यांत तेलुगू भक्तिगीतं आणि दागिने विकणाऱ्या वाहिन्या.

चौथं जास्त महत्त्वाचं. मला बुधवारचा भाग रविवारी बघायचा असेल तर केबलवर सोय नाही. पूर्ण घराचं जेवण साडेआठच्या मालिकेवर ठरतं, हे आपण वर्षानुवर्षं सहन केलं. आता का करायचं?

ओटीपीचा प्रश्न आईंचा नाही, तुमचा आहे. खात्याला त्यांचा नंबर जोडा.

गुलटेकडी_एक्स्प्रेस

आईचा फोन बटणांचा आहे, आणि तो बहुतेक वेळा देवघरात चार्जिंगला असतो.

सूनबाई_कर्वेनगर

हिंजवडीकरांशी सहमत, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. "आईंना जमणार नाही" हे घरात कोण ठरवतं? आमच्याकडे मुलगा ठरवत होता. सासूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

केबल काढली तेव्हा पहिला आठवडा फार वाईट गेला, हे खरं. मग रिमोटवरचं माइकचं बटण दाबून मराठीत मालिकेचं नाव घ्यायचं, एवढंच मी दाखवलं. आता त्या मालिका बघतातच, वर यूट्यूबवर कीर्तनं शोधतात, उकडीच्या पारीचे व्हिडिओ बघून मला चुका दाखवतात. पूर्वी जाहिरात लागली की उठून गॅसपाशी जायच्या, आता मध्येच थांबवतात आणि निवांत येतात.

आणि खरं सांगू का, केबल होती तेव्हा सात ते दहा हॉल माझा नव्हता. भाजी फोडणीला घालायची वेळसुद्धा वाहिनी ठरवायची. त्या वेळापत्रकाची आठवण काढून गळा काढणारे सगळे पुरुष दिसतात, ही गंमत आहे.

जुना_पेठकर

तुम्ही दोघेही पैसे भरताय आणि कोण कमी भरतो यावर भांडताय.

डीडी फ्री डिश. एकदा छत्री आणि बॉक्स घ्या, महिन्याला शून्य रुपये. डिसेंबर 2004 पासून चालू आहे. सह्याद्री येतं, बातम्या येतात, जुने सिनेमे येतात. आषाढीला पंढरपूरची महापूजा पहाटे सह्याद्रीवरच बघायची असते, त्याला कुठलं ॲप लागत नाही. भारताचा घरच्या मैदानावरचा एकदिवसीय सामना असेल तर तोही डीडी स्पोर्ट्सवर, कारण 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं. आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यासाठी आणि फ्री डिशसाठीच, खासगी केबलवाल्यांसाठी नाही. म्हणजे महिन्याला पैसे भरणाऱ्याला जे डीडीवर दिसत नाही, ते मला फुकट दिसतं.

सिंहगडावरच्या टॉवरवरून अँटेनाने चित्र येत होतं तेव्हा आमचं काही अडलं नव्हतं.

हिंजवडीचा_पाहुणा

काका, झी मराठी आणि स्टार प्रवाहसारखे पे चॅनेल फ्री डिशवर नाहीत. ज्या मालिकांवरून हा धागा निघाला त्याच नाहीत. शिवाय उपग्रह पुण्यातून आग्नेयेला दिसतो. ज्याची बाल्कनी वायव्येला आणि गच्चीला सोसायटीने कुलूप, त्याने काय करायचं? वर पावसाळ्यात ढग दाटले की चित्राचे चौकोन होतात.

जुना_पेठकर

पावसाळ्यात तुमचं इंटरनेट चालतं का, ते सांगा आधी. पालिकेने रस्ता खणला की पहिली तुमची फायबर तुटते. माझी छत्री कुणी खणू शकत नाही.

धनकवडी_केबल

मी वीस घरांच्या गल्लीपासून धंदा सुरू केलेला लोकल ऑपरेटर आहे. इथे शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

तुमचे 130 रुपये कुठे जातात ते कुणाला माहीत नसतं. आम्हाला चॅनेल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीशी आमचा वेगळा करार नसेल तर ट्रायच्या चौकटीत नेटवर्क शुल्क 55-45 वाटलं जातं. 55 टक्के वरच्या कंपनीला, 45 आम्हाला. म्हणजे 130 मधले साडेअठ्ठावन्न रुपये आमचे. पे चॅनेलच्या किमतीचा मोठा हिस्सा ब्रॉडकास्टरकडे जातो. त्या साडेअठ्ठावन्नात मुलाचा पगार, वायर, ॲम्प्लिफायरचं लाइट बिल, खांबावरून वायर काढा म्हणून येणारी नोटीस आणि मंडळाची वर्गणी. केबलवाला लुटतो म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून बघावा.

आता गंमत ऐका. केबल काढून नेट घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना नेट मीच देतो. त्याच वायरवाल्या पोऱ्याने तीच शिडी लावून फायबर टाकलेली असते. मला कुठल्याही बाजूने फरक पडत नाही, म्हणून खरं सांगतो. तक्रारी नेटच्या जास्त येतात. केबलचं चित्र गेलं तर लोक अर्धा तास थांबतात. नेट गेलं तर दहा मिनिटांत सात फोन, कारण ऑफिस, शाळा, टीव्ही, दरवाज्यावरचा कॅमेरा सगळं एकावरच.

एक काम करा. नेट गेलं की नेटच्या बॉक्सवर "लॉस" लिहिलेला लाल दिवा लुकलुकतोय का, तेवढं बघून फोन करा. लुकलुकत असेल तर वायर तुटली आहे, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. नसेल तर बहुधा घरातलंच आहे. गुरुवारी महावितरणचं दुरुस्तीचं काम असतं, तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी आमचं मशीन शेजारच्या गल्लीतल्या लाइटवर चालतं. तिकडची लाइट गेली आणि आमची बॅटरी संपली, की केबलही गेली आणि नेटही गेलं.

स्लिप_मधला_झेल

क्रिकेटवर कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. स्ट्रीमिंगवर सामना बघू नये. खालच्या घरात केबल आहे. तिथे आरोळी झाली की मला कळतं विकेट पडली, आणि माझ्या टीव्हीवर गोलंदाज अजून चेंडू शर्टाला पुसतोय. काही सेकंदांचा फरक, कधी अर्ध्या मिनिटाचा. शेवटच्या षटकात जीव नकोसा होतो.

आणि स्वस्त आहे म्हणून जे घेताय ते किती दिवस स्वस्त राहील? 2022 च्या लिलावात आयपीएलचे भारतातले टीव्हीचे हक्क स्टारने 23,575 कोटींना घेतले आणि डिजिटलचे वायकॉम18 ने 20,500 कोटींना. दोघं एकमेकांचे स्पर्धक होते, म्हणून 2023 मध्ये मोबाइलवर सगळी स्पर्धा फुकट दाखवली. नोव्हेंबर 2024 मध्ये दोन्ही घरं एक झाली, फेब्रुवारी 2025 मध्ये दोन ॲपचं एक जिओहॉटस्टार झालं, आणि फुकट संपलं. जाहिराती नकोत म्हणून प्राइम घेतलेल्यांना जून 2025 पासून जाहिराती दिसायला लागल्या, त्या घालवायला वर्षाचे 699 वेगळे. म्हणजे फिरून केबलच झाली की!

हिंजवडीचा_पाहुणा

फरक आहे. ॲप एका महिन्यात बंद करता येतं. मी आयपीएलचे दोन महिने घेतो आणि सोडतो. केबलवाल्याकडे असं करून बघा, बॉक्स परत देताना जुनं बिल कसं निघतं ते.

धनकवडी_केबल

पावती मागायची ना. लोक मागत नाहीत आणि नंतर ओरडतात.

सूनबाई_कर्वेनगर

गुलटेकडी, तुम्ही "वाचत नाहीत" म्हणालात ते तीनही ॲप वर्षभर चालू ठेवली तरच खरं. वार्षिक घेतलं तर आणखी उतरतं. पण तुमच्या आईंच्या मालिका तीन ठिकाणी असतील तर सध्या तुम्हाला केबलच परवडेल, हे मान्य. आमच्याकडे दोन मालिका एकाच ॲपवर निघाल्या म्हणून जमलं. नशिबाचा भाग आहे.

मला खटकतं ते एवढंच की तुम्ही आईंच्या नावावर केबल ठेवताय आणि रविवारी सामना स्वतः बघताय.

गुलटेकडी_एक्स्प्रेस

रविवारचं खरं आहे. खालच्या मजल्यावर विकेटची आरोळी आमच्याच घरातून जाते.

पण माझं मत तेच. माइकचं बटण आईला दाखवलं, तिने त्यात मालिकेचं नाव सांगितलं, टीव्हीने तीन वर्षांपूर्वी संपलेली दुसरीच मालिका लावली. ती म्हणाली, "याला सांग, मी आजचं म्हणाले." नुसतं नाव घेऊन काम भागत नाही, वाहिनीही सांगावी लागते, आणि ज्या ॲपचे पैसे भरले नाहीत तेच आधी उघडतं. केबलवर आज म्हणजे आज असतं.

मधला मार्ग म्हणून एवढं करतोय. पॅकमधून हिंदी मालिकांचा गठ्ठा काढला, मराठी चॅनेल सुटे घेतले, खेळाचा एकच ठेवला. जुना पेठकरांचं ऐकून सह्याद्रीसाठी वेगळं काही घेतलेलं नाही, ते केबलवर असतंच. शिवाय नोव्हेंबर 2024 पासून प्रसार भारतीचं वेव्हज ॲपही आहे, फुकट. ओटीटी मुलांचं मुलांनी बघावं, दर महिन्याला कुठलं ते त्यांनीच ठरवावं, पण एका वेळी एकच.

जुना_पेठकर

म्हणजे दोन्ही घेतलंत. मग धागा कशाला काढला?

चिंचवडची_नवी_भाडेकरू

साधा प्रश्न आहे. आधीच्या भाडेकरूचा सेट टॉप बॉक्स इथेच पडलाय. तो दुसऱ्या कंपनीच्या कनेक्शनला चालेल का?

धनकवडी_केबल

नाही. प्रत्येक कंपनीची कुलूपव्यवस्था वेगळी, दुसरीकडे तो नुसता डबा. घरमालकाला विचारा कनेक्शन कुणाच्या नावावर आहे. भाड्याचा बॉक्स असेल तर ज्या ऑपरेटरचा आहे त्याला परत देऊन पावती घ्या, अनामत भरली असेल तर ती ज्याने भरली त्याला मिळते. आणि बॉक्समागची नंबरची चिठ्ठी फाडू नका, त्याच्याशिवाय आम्हालाही तो कुणाचा ते कळत नाही.