मदत हवी आहे: बिटकॉइन सोन्यात मोजताना साठा कसा धरावा?

बेळगाव-निपाणीकडच्या जाणकारांनो, एका बिटकॉइनला किती ग्रॅम सोनं, असा 2015 पासूनचा मासिक तक्ता करतोय. रुपयातले भाव घेतले की घोळ होतो: जुलै 2024 मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, आपल्याकडचा सराफी भाव उतरला आणि बिटकॉइन उगाच महागलेलं दिसतं. म्हणून दोन्ही भाव डॉलरमध्येच, औंसाला 31.1035 ग्रॅम धरून. महिनाअखेर रविवारी आली तर दोन्हींचे शुक्रवारचेच भाव घेतोय, कारण सोन्याचा बाजार तेव्हा बंद.

खरी अडचण साठ्याची, म्हणजे एकूण किती बिटकॉइन अस्तित्वात धरायची याची. एप्रिल 2024 पासून ब्लॉकमागे (व्यवहारांच्या दर नव्या गठ्ठ्यामागे) 3.125 नवी बिटकॉइन, म्हणजे दिवसाला साधारण 450 नवी नाणी. ही बाजू सोपी. पण चावी (नाणी खर्च करायला लागणारा गुप्त संकेत) हरवलेली नाणी वजा कशी करायची? सात वर्षं न हललेली वगळली, तर नुसती जपून ठेवलेलीही जातात. तुम्ही कोणता निकष लावता?