खातं तिचं, मोबाईल त्याचा

कुणीतरी म्हटलंय, 'सरकारी योजनेचे पैसे बाईच्या खात्यात गेले की घर सावरतं.' अर्धं पटतं. मेक्सिकोने 1997 मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या 'प्रोग्रेसा' योजनेत रक्कम आईच्या हाती दिली ती याच हिशोबाने, आणि मुलींचं माध्यमिक शाळेत जाणं वाढलंही. पण आमच्या दिंडोरीकडे द्राक्षाच्या थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) येणाऱ्या एक मावशी सांगत होत्या, लाडक्या बहिणीचे 1500 जमा झाल्याचा मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर येतो. मावशींना कळतं ते दुकानदाराने उधारीची वही मिटली तरच! (बहुतेकदा उघडीच असते.) पाहणीवाले तर 'कुटुंबाचं उत्पन्न किती' एवढंच विचारून जातात, ते कुणाच्या हाती असतं हे नाही. बचत गटाचे शंभर रुपये मात्र मावशी पदराची गाठ सोडून स्वतः मोजून देतात, आणि पासबुकावर शिक्का उठेपर्यंत जागच्या हलत नाहीत.