रातपाळी करणाऱ्यांनो, तब्येत कशी सांभाळता?

‘लवकर निजे, लवकर उठे’ हे शाळेत घोकून झालं, आता पोटासाठी रात्रभर जागतोय. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण मुंबईची रातपाळी काही गेली नाही. परळ-लालबागहून ती अंधेरीचं सीप्झ, मालाडचं माइंडस्पेस अशा कंपन्यांच्या संकुलांकडे आणि सहार विमानतळाच्या कार्गोकडे सरकली, एवढंच. इस्पितळं आणि डेपो तर होतेच. ‘जागरण टाळा’ हा सल्ला आपल्या काय कामाचा? तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते लिहा. माझं मत आधीच सांगतो: व्यायाम, आहार सगळं नंतर. दिवसा झोप लागली तर पुढचं जमतं. या शहरात ती कशी मिळवता, तेवढं जरूर सांगा.

डोंबिवलीची सिस्टर
आयसीयूत स्टाफ नर्स आहे. नाइट आठ ते आठ, हँडओव्हर होईस्तोवर साडेआठ. एक सुख आहे, सकाळी सगळी गर्दी सीएसएमटीकडे येत असते आणि आम्ही उलटे जातो, त्यामुळे बसायला मिळतं. मी डाव्या हाताची खिडकी धरते, कारण ठाण्यापर्यंत ऊन उजवीकडून येतं. वर गॉगल आणि ओढणी. बायका बघतात, बघू देत. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीर म्हणतं उजाडलं, मग घरी जाऊन नुसतं पंख्याकडे बघत पडायचं.

घरी खिडकीला काळं जाड कापड आणि दारावर चिठ्ठी, ‘नाइट झाली आहे, बेल वाजवू नये’. कुरियरवाला तरी वाजवतोच. सलग झोप होत नाही, म्हणून दोन तुकडे करते: आल्यावर चार-पाच तास आणि निघण्याआधी तासभर. शेजारणीला मात्र हे पटायचं नाही. ‘सून दिवसभर लोळते’ असं जिन्यात बोलणं चालायचं. शेवटी सासूबाईच खाली गेल्या आणि म्हणाल्या, “ती रात्रभर लोकांची माणसं सांभाळते, तुम्ही दुपारचा मिक्सर सांभाळा.” तेव्हापासून आमच्या मजल्यावर दुपारी शांतता.

मालाडकर
आमची पाळी अमेरिकेच्या घड्याळावर. मार्च आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाने सरकतात, की इकडे आमची बसलेली झोप उठते. माझा मुद्दा खाण्याचा. रात्री दोनला गेटबाहेर भुर्जीपाव आणि सायकलवरचा चहा हजर असतो, आणि टीम जेवायला म्हणून बिर्याणीच मागवते. पण रात्री शरीराला साखर-पिष्ट नीट पेलत नाही, आणि पहाटे तीन ते पाच तर डोळे आपोआप मिटतात. मी पोटभर जेवतो ते संध्याकाळी, निघण्याआधी: ज्वारीची भाकरी, उसळ, कोशिंबीर. मध्यरात्री डब्यात उकडलेली अंडी किंवा मोडाचे मूग, सोबत ताक. चहा रात्री एकनंतर बंद, कारण पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. जिमला जायचं तर झोपून उठल्यावर. सकाळी सुटल्या सुटल्या जाणाऱ्यांना माझा दंडवत.

कार्गोवाला
माल चढवणं-उतरवणं म्हणजे व्यायाम, असं लोकांना वाटतं. त्याने फक्त कंबर जाते. संध्याकाळी गच्चीवर सूर्यनमस्कार घालतो आणि पाठीचे व्यायाम करतो. ब्रेकमध्ये वीस मिनिटांची डुलकी. त्याहून जास्त झोपलो तर उठल्यावर डोकं जड होतं.

निवासी डॉक्टर
सिस्टर, गॉगलचं अगदी बरोबर. उजेडाने मेलॅटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, दबतं. २०१७चं वैद्यकाचं नोबेल शरीरातल्या या घड्याळाच्या संशोधनालाच मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. घाबरवायला सांगत नाही, पण वजन, रक्तदाब, साखर नियमित तपासा. ड जीवनसत्त्वही बघून घ्या, आपल्याला ऊन कुठे लागतं? इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळीची वेळ मनाने सरकवू नका, पाळी बदलताना डॉक्टरांना विचारा. आणि नाइटनंतर हायवेवर बाइक नको. पहिली लोकल चारच्या सुमारास सुटते, थोडं थांबा पण तिनेच जा.

गिरणगावकर
आमच्या चाळीत एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं होती. एक कामावर जायचा, दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा. काळ्या कापडाचे लाड कुठले! मी पंपिंग स्टेशनवर आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. आमच्याकडे ती रात्र, दुपार, सकाळ अशी उलटी फिरायची. मुकादमाच्या मागे लागून सकाळ, दुपार, रात्र अशी सुलटी करून घेतली. झोप पुढे ढकलणं सोपं, मागे ओढणं कठीण. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे मागून बघाच, कंपनीला यात दमडीचा खर्च नाही.

नवीन भरती
सगळ्यांचं वाचलं. पण गणपतीत काय करता? मंडप आमच्या खिडकीखालीच आहे.

डोंबिवलीची सिस्टर
अरे बाळा, गणपतीत मी डे ड्युटी मागून घेते. बदल्यात दिवाळीच्या नाइट माझ्या. फटाक्यांत रात्री तशीही कोण झोपतंय?