झोक्यावर बसून टार्गेटवर बीनबॅग मारायची, याने डोळ्यांचं काय होतं?

चिंतातुर_बाबा
मुलगा सात वर्षांचा आहे, वाचताना ओळी गाळतो, फळ्यावरचं वहीत उतरवताना कुठे होतो तेच विसरतो. डोळे तपासून झालेत, नंबर नाही. आता ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू केलीय, तिथे त्याला झोक्यावर पालथं झोपवून झुलता झुलता समोरच्या टार्गेटवर बीनबॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) मारायला लावतात, मग भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून मान हलवायची. पोरगा खूश आहे, डोकं माझंच चालत नाहीये. विचारलं की "व्हिज्युअल-व्हेस्टिब्युलर इंटिग्रेशन" (म्हणे नजर आणि आतल्या कानातला तोल यांचा मेळ) म्हणतात आणि विषय संपतो. कानाचा डोळ्याशी काय संबंध, कुणी साध्या भाषेत सांगेल का?

ओटी_ताई
आधी एक करून बघा. मोबाईल डावी-उजवीकडे भरभर हलवत हे वाचा, अक्षरं पुसट होतील. आता मोबाईल स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगाने मान हलवा. वाचता येतंय ना? कारण आता डोळे कान चालवतोय. आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, डोकं कुठे आणि किती वेगाने वळलं ते त्या ओळखतात. (शिवाय दोन छोट्या पिशव्या, त्या सरळ हालचाल आणि गुरुत्वाकर्षण बघतात, झोक्यावर त्याही कामाला लागतात.) नलिकांचा निरोप ब्रेनस्टेममधून (मेंदूच्या देठातून) डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत जेमतेम तीन चेतापेशींच्या साखळीने जातो, म्हणून साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट्या दिशेला वळतात आणि चित्र जागेवर राहतं. नुसत्या नजरेने हलती वस्तू पकडायला १०० च्या आसपास लागतात, म्हणून हलता मोबाईल पुसट.

पण वळण बरोबर झालं की नाही हे कानाला कळत नाही, ते डोळाच सांगतो. चित्र घसरलं की लहान मेंदूला खबर जाते आणि तो पुढच्या वेळचं माप दुरुस्त करतो. नवीन चष्म्याने आधी गरगरतं आणि मग सवय होते ना, त्यात मोठा भाग याच दुरुस्तीचा. म्हणूनच टार्गेट लागतं! बघायलाच काही नसेल तर चूक कळणार कशी आणि सुधारणार काय.

गरगर_नको
मोठ्या माणसाचा अनुभव सांगते. व्हायरलनंतर एका कानाची तोलाची नस गेली, मान वळवली की अख्खी खोली हलायची. फिजिओने एक अक्षर हातभर अंतरावर धरून मान हलवायला सांगितली, अक्षर जेमतेम वाचता येईल इतक्याच वेगात. थोडं गरगरलंच पाहिजे म्हणाले, आणि थांबल्यावर लवकर शमलं पाहिजे. मला तर डोळे मिटून पडून राहायचं होतं पण त्याने मेंदू शिकतच नाही म्हणे, चक्करच्या गोळ्याही म्हणूनच थोड्याच दिवस दिल्या.

जरा_थांबा
गरगर_नको यांच्या केसमध्ये या व्यायामांना भक्कम पुरावा आहे. मुलांच्या वाचनाचं तसं नाही हो. वाचताना डोकं जवळपास स्थिरच असतं, ओळीवरून डोळे छोट्या छोट्या उड्या मारत जातात, ती यंत्रणा वेगळी. फळ्याकडून वहीकडे बघताना मान खालीवर होते, तिथे कानाचा संबंध मी मान्य करेन. या झोका-टार्गेट थेरपीमागची सेन्सरी इंटिग्रेशन (वेगवेगळ्या संवेदनांचा मेळ) ही कल्पना ए. जीन एअर्स या अमेरिकन ओटींची, जुनी आहे, पण तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सांगितलं की परिणामांबद्दलचं संशोधन मर्यादित आणि अनिर्णायक आहे. थेरपी बंद करा म्हणत नाही. सुरुवातीलाच लिहून घ्या की नेमकं काय सुधारायला हवं, आणि काही आठवड्यांनी तेच तपासा. वाचनासाठी वेगळी तपासणी करा, ती लांबवू नका.

चिंतातुर_बाबा
मोबाईलचा प्रयोग घरात सगळ्यांनी केला, भारीच आहे. म्हणजे वाचनाचं आणि झोक्याचं मी एकाच पोत्यात घातलं होतं. एक विचारू का, घरी फिरत्या खुर्चीवर गोल फिरवलं तर चालेल?

ओटी_ताई
थेरपी म्हणून नको. गोल फिरवून थांबवलं की नलिकांचा सिग्नल लगेच शांत होत नाही, मेंदूला वाटतं अजून फिरतोय आणि डोळे झटके देत राहतात. क्लिनिकमध्ये आम्ही ते बघत बघत डोस ठरवतो. आणि काही मुलांना त्या वेळी काहीच होत नाही, मग तासाभराने मळमळ सुरू. घरी झोका चालेल, स्वतःच्या पायाने रेटत, समोर चेंडू टाकायला बादली ठेवून. चेहरा पांढरा पडला, घाम आला किंवा जांभया सुरू झाल्या की थांबायचं. आणि फिट येण्याचा काही इतिहास असेल तर थेरपिस्टला आजच सांगा.

जरा_थांबा
बादलीला +१