आज्ञापालन होते, पण आनंद का वाटत नाही?

प्रश्न
सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाई अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचे सर्व काही मीच करते. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा मला मान्य आहे, म्हणून त्यांना पेज भरवण्यात किंवा कूस बदलून देण्यात मी कधी हयगय केलेली नाही. परंतु देवाच्या आज्ञा कठीण नाहीत असे बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रात वाचते तेव्हा मन खट्टू होते, कारण मला ही आज्ञा फार कठीण वाटते. ज्या आज्ञापालनात आनंद नाही, ते देव स्वीकारतो का?

प्रतिसाद १
ताई, लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाचा दाखला आहे, त्यातील थोरला मुलगा पुन्हा वाचून पाहावा. शेतातून परतताना, उधळा धाकटा भाऊ घरी आल्याच्या मेजवानीची वाद्ये ऐकूनही तो आत जात नाही, आणि इतकी वर्षे चाकरी करून एक करडूही मिळाले नाही, अशी तक्रार बापाकडे करतो. त्याने आज्ञा मोडल्या नव्हत्या, हे बापही नाकारत नाही. मात्र जे बापाचे ते सर्व त्याचेच असताना तो मजुरी मोजत राहिला, आणि तिथेच त्याचा आनंद आटला. असा काही हिशेब आपल्या मनात साचला आहे का, हे प्रार्थनेत तपासावे.

प्रतिसाद २
वरील विवेचन बरोबर आहे, तरी थकवा आणि थोरल्या भावाची कटुता एक नव्हे, आणि ताईंच्या लिहिण्यात मला थकवाच दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातील दाखल्यात, बापाने कामाला जा म्हटल्यावर आधी नाही म्हणालेला मुलगा नंतर द्राक्षमळ्यात गेला. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले एवढेच येशूने विचारले, तो हसतमुखाने गेला का, हे विचारले नाही. स्वतः प्रभूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि पुढे ठेवलेल्या आनंदाकरता त्याने वधस्तंभ सोसला असे इब्री लोकांस पत्र सांगते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. निराधार स्त्रियांसाठीच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या, आणि तिथल्याच स्त्रियांनी त्यासाठी छापखान्यात खिळे जुळवले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी १९२२ मध्ये स्वतःच्या निधनापर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. त्या महिन्यांत रोज उल्हास वाटत असेल असे मला वाटत नाही, पण ते आज्ञापालन कमी प्रतीचे होते असे कोण म्हणेल?

प्रतिसाद ३
योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू आपली प्रीती आधी सांगतो, मग आज्ञा पाळण्यास सांगतो आणि त्यानंतर आनंद पूर्ण होण्याविषयी बोलतो, तेही धरून दिला जाण्याच्या रात्री. म्हणून आनंद वाटत नाही याचा दोष स्वतःला देऊ नका. शिवाय आईबापांचा मान राखण्याची आज्ञा तुमच्या यजमानांना आधी लागू होते, आणि एकमेकांची ओझी वाहा ही गलतीकरांस पत्रातील आज्ञा तर संपूर्ण ख्रिस्ती मंडळीला आहे. तुम्ही एकटीने सर्व केल्यास आम्ही ती पाळायची कशी? पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा की रविवारी भगिनींपैकी कोणी सासूबाईंजवळ बसावे, म्हणजे तुम्हांला उपासनेला जाता येईल, आणि रात्रीची एक पाळी घरातच वाटून घ्या.